अंधेरी पश्चिमेतील खर्जविचार

बेस गिटार हे चार जाड तारांचे वाद्य मुळातच खर्जात बोलते. त्याच्या सर्वांत जाड तारेचा, म्हणजे वादक जिला ‘ई’ म्हणतात त्या तारेचा, मोकळा स्वर सेकंदाला सुमारे ४१.२ कंपनांचा असतो, आणि त्याच्याही खाली उतरण्याची गरज एखाद्याला का भासावी, हा प्रश्न संगीतशास्त्रापेक्षा मानसशास्त्राच्या कक्षेत अधिक शोभेल. तरीही वर्सोव्यापासून वीरा देसाई मार्गापर्यंतच्या पट्ट्यात, जेथे ध्वनिमुद्रणाचे स्टुडिओ, तालमीच्या खोल्या आणि अद्याप काम न मिळालेले वादक यांची दाटी आहे, ही गरज पुष्कळांना भासते. ती भागवण्यासाठी ऑक्टेव्ह पेडल नावाची, तळहातावर मावणारी धातूची डबी विकत मिळते. वाजवलेल्या स्वराच्या जोडीला ही डबी त्याच स्वराचा एक सप्तक खालचा, म्हणजे निम्म्या कंपनसंख्येचा, स्वर आपणहून उभा करते, आणि तिच्यावर पाय दिला की हा जोडस्वर सुरू होतो किंवा थांबतो.

मराठी वाचकाला या कल्पनेने बिचकण्याचे कारण नाही, कारण पेटी विकत घेताना ‘खर्ज-नर’ की ‘नर-मादी’ अशी जी चर्चा दुकानात चालते ती हीच: एका पट्टीमागे वेगवेगळ्या सप्तकांतले सूर बसवलेले असले की एक बोट दाबून दोन आवाज निघतात, आणि पेटीला कपलर असेल तर दाबलेली पट्टी सप्तकाच्या अंतरावरच्या दुसऱ्या पट्टीलाही आपल्याबरोबर खाली ओढते. फरक इतकाच की पेटीवर हे काम बोटाचे आहे आणि येथे पायाचे. वाद्याला चुकून पाय लागला तर हात जोडून क्षमा मागणाऱ्या आणि दसऱ्याला वाद्यांची पूजा मांडणाऱ्या घरात या डबीचे स्थान नेमके कोणते, चौरंगावरचे की दारातल्या पायपुसण्याशेजारचे, याचा निर्णय कोणत्याही ग्रंथात दिलेला नाही. मात्र संगीत नाटकांतील ऑर्गनवादक दोन्ही पायांनी भाता हलवीत असत आणि त्यांना कोणी पाखंडी म्हटले नाही, हा पूर्वाधार बेसवादकाच्या बाजूने मांडता येतो. गवयांचा आक्षेप अधिक गंभीर ठरेल. खर्ज भरण्यासाठी त्यांना वर्षानुवर्षे पहाटे उठावे लागते, आणि येथे ते फळ दुपारी अकराला उठणाऱ्याच्या अंगठ्याखाली येते.

या प्रांतातील आदिग्रंथाचा मान बॉस या जपानी नाममुद्रेच्या ओसी-२ या तपकिरी पेडलला द्यावा लागतो. ते १९८२ मध्ये बाजारात आले आणि २००३ पर्यंत बनत राहिले. बॉस ही रोलँड कंपनीची नाममुद्रा. त्याच १९८२ मध्ये चरणजित सिंग यांनी मुंबईत रोलँडच्याच टीबी-३०३ या यंत्राच्या साहाय्याने दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवून त्यांची तबकडी केली. टीबी-३०३ हे यंत्र बेसवादकाच्या बदली वापरता यावे म्हणून काढलेले होते, म्हणजे एकाच घराण्याने एका हाताने बेसवादकाला घरी बसवण्याची सोय केली आणि दुसऱ्या हाताने, घरी बसल्यावर त्याला खेळायला काही असावे म्हणून, पेडल पुरवले.

ओसी-२ चे अंतरंग साधे आहे. आत येणाऱ्या विद्युत्लहरींचे चढ ते मोजते आणि दर दोन चढांमागे एकच लहर पुढे सोडते; संध्याकाळी अंधेरी स्थानकाच्या पुलावर उभे राहून दर दोन प्रवाशांमागे एकदा हात वर करणाऱ्या मोजणीदाराची कल्पना केली तर पेडलचा स्वभाव उलगडतो. माणसे एकामागोमाग शिस्तीत उतरतात तोवर मोजणी बिनचूक चालते, परंतु दोघे खांद्याला खांदा लावून आले, म्हणजे दोन तारा एकाच वेळी वाजल्या, की मोजणीदार गोंधळतो आणि हात भलत्याच वेळी वर जाऊ लागतो. गर्दी विरळ झाली, म्हणजे स्वर विझत आला, की समोरून माणूस गेला की सावली हेच त्याला कळेनासे होते. या अचूकपणाला वादक ‘ट्रॅकिंग’ म्हणतात, आणि जाड तारेच्या खालच्या पडद्यांवर ते हमखास लटपटते. ज्या तारा वाजवायच्या नाहीत त्या डाव्या हाताने दाबून गप्प ठेवण्याची सवय ज्याला नाही, त्याने आधी ती सवय लावून घ्यावी आणि मग पेडलचा विचार करावा, असे येथे नि:संकोच म्हणता येते. अनेक पेडलांच्या साखळीत हे पेडल सर्वांत आधी जोडावे, हेही त्याच कारणाने.

यावर उपाय म्हणून पुढे बहुस्वरी पेडले आली. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सची पॉग मालिका त्यांतली प्रसिद्ध. ती दोन-तीन तारा एकत्र वाजल्या तरी प्रत्येकीचा हिशेब वेगळा ठेवते. परंतु निसर्गापुढे गणकयंत्रही हतबल असते: ४१.२ कंपनांच्या स्वराचे एक आवर्तन पुरे व्हायलाच २४ मिलिसेकंद लागतात, त्यामुळे इतक्या खालचा स्वर ओळखायचा तर थोडे थांबणे आलेच, आणि हा थांबा तालाच्या पक्क्या कानाला खुपतो. गंमत पुढेच आहे. बॉसने २०२० मध्ये ओसी-५ काढले तेव्हा त्यात बहुस्वरी पद्धत तर दिलीच, शिवाय ‘व्हिंटेज’ नावाची आणखी एक पद्धत दिली, जिचे काम ओसी-२ सारखे एका वेळी एकच स्वर ओळखून वागणे हे आहे. अडतीस वर्षांच्या प्रगतीने जुन्या यंत्राची अडखळही हुबेहूब साधली, आणि ग्राहकांनी समाधानाचा सुस्कारा सोडला. त्यांचे चुकले असे म्हणवत नाही: त्या जुन्या, किंचित घोगऱ्या आवाजाला जे वजन आहे ते निर्दोष आवाजाला नाही. वेल्समधील बेसवादक पिनो पॅलाडिनो यांनी १९८० च्या दशकात पडदे नसलेल्या बेसला असेच पेडल जोडून जे करून ठेवले, त्यानंतर तर हा वाद मिटायला हवा होता.

तो मिटला नाही, कारण निवड करणारा मनुष्य आपण ती कानाने करतो असे समजतो. ४१.२ चे निम्मे २०.६, मनुष्याच्या श्रवणाची खालची मर्यादा साधारण २० कंपनांची. ओसी-२ वर आणखी एक सप्तक खाली नेणारे दुसरे बटण आहे, आणि ते फिरवल्यास जाड मोकळ्या तारेचा स्वर १०.३ कंपनांवर जातो, जो स्वर म्हणून कोणालाही ऐकू येत नाही. ऐकू येतात ती त्याच्या वरची उपस्वरांची पिल्ले, ज्यांवरून मेंदू आईचा अदमास बांधतो. स्टुडिओतील मोठ्या स्पीकरवर हे वैभव जाणवते. तेच गाणे वर्सोवा-घाटकोपर मेट्रोत मोबाइलच्या स्पीकरवर वाजते तेव्हा काहीशे कंपनांच्या खालचे सारे गळालेले असते, आणि बेसवादकाने महिनाभर खपून निवडलेला खर्ज डब्यातल्या एकाही प्रवाशापर्यंत पोहोचत नाही.

घरात मात्र तो पोहोचतो. बारा फूट लांबीच्या खोलीत, दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये घुमणारा सर्वांत खालचा स्वर हिशेबाने सुमारे ४७ कंपनांचा येतो, आणि जाड तारेवरचा दुसरा पडदा ४६.२ कंपनांचा आहे. म्हणजे अंधेरीतल्या एका सर्वसाधारण शयनगृहाचा आणि त्या पडद्याचा जन्मत: स्नेह आहे. पेडल चालू ठेवून सर्वांत बारीक ‘जी’ तारेवर अकराव्या पडद्याला हात घातला की निघणारा खालचा जोडस्वर ९२.५ चा, आणि दुसऱ्या बटणाचा पुन्हा तोच ४६.२ चा; स्टीलचे कपाट, त्यावरच्या बॅगा आणि मांडणीतली ताटे हे सर्व मग साथीला बसतात.

कायदा येथे बेसवादकाचा पाठीराखा आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण हे मोजमाप ‘ए’ भारांकनाने होते, म्हणजे मापकयंत्र माणसाच्या कानाचे अनुकरण करून खालच्या स्वरांना फारसे मोजत नाही. ४१ कंपनांच्या स्वराला ते सुमारे ३४ डेसिबलची सूट देते, आणि त्यामुळे ८० डेसिबलने हादरवणारा खर्ज कागदावर ४६ चा भरतो. वीस कंपनांपाशी तर सूट ५० च्या आसपास जाते. पेडलची निवड करताना हा तपशील विक्रेत्याने सांगितल्याचे कोठे आढळत नाही.

सोसायटीच्या सेक्रेटरीचा कान मात्र ‘ए’ भारांकित नसतो. त्याला खर्ज तळपायांतून कळतो आणि तो तक्रारीची नोंद करून घेतो, पण येथेही भौतिकशास्त्र आडवे येते: इतक्या खालच्या स्वराची लहर आठ-आठ मीटर लांबीची असते, दोन कानांमधल्या वीतभर अंतराने तिची दिशा ठरवता येत नाही, आणि आवाज तिसऱ्या मजल्यावरून येतो की तळघरातून हे कोणालाच सांगता येत नाही. अशा वेळी संशय सहसा पाण्याच्या पंपावर जातो. पंपवाल्याला बोलावले जाते, तो बेअरिंग बदलतो, वंगण घालतो, पंप आता लोण्यासारखा चालेल असे सांगून बिल ठेवून जातो, आणि ते बिल पुढच्या महिन्याच्या देखभाल खर्चात सर्व सदनिकांवर समान वाटले जाते. बेसवादकाचीही सदनिका त्यात येते, आणि तो आपला वाटा वेळेवर भरतो.