साहेबांचं हिरवं निवृत्तीवेतन

टोरंटोचे पोलीसप्रमुख ज्युलियन फँटिनो यांनी 2004 साली गांजा कायदेशीर करण्याची बरोबरी थेट खून कायदेशीर करण्याशी केली होती. पुढे साहेब खासदार झाले, मंत्रीही झाले. 2012 मध्ये त्यांच्या सरकारने कायदा केला: विकण्यासाठी गांजाची सहा झाडं लावलीत, तर किमान सहा महिने तुरुंग. झाडामागे महिना. हिशेब चोख!

2015 ला निवडणूक हरले आणि 2017 च्या नोव्हेंबरात त्यांनी ‘अलीफिया’ ही वैद्यकीय गांजाची कंपनी थाटली. भागीदार कोण, तर कॅनडाच्या राष्ट्रीय पोलीस दलाचे माजी उपायुक्त राफ सुकार. धंद्याच्या वाटा दोघांनाही पाठ. आयुष्यभर त्याच तर अडवल्या होत्या. मतपरिवर्तनाचं कारण म्हणे माजी सैनिकांच्या खात्याचे मंत्री असताना समजलेल्या त्यांच्या व्यथा. असेलही. पण या व्यथा मंत्रिपदाची खुर्ची गेल्यावरच फार बोचू लागल्या, एवढंच.

17 ऑक्टोबर 2018 ला गांजा खुला झाला. आता बहुतेक प्रांतांत घरी चार झाडं बिनधास्त लावा. पूर्वी नुसता खिशात सापडला म्हणून ज्यांच्या नावावर गुन्हा चढला, त्यांना मात्र डाग धुवायला अर्ज करावा लागला. 2019 पासून त्या अर्जाला शुल्क नाही, हा सरकारचा केवढा मोठेपणा! अलीफियाही 2023 मध्ये अर्ज घेऊन कोर्टात गेली, घेणेकऱ्यांपासून संरक्षण मागायला. तिला ते मिळालंसुद्धा.