यंदा काय वाचलंत?

डिसेंबर आला की ‘वर्षभरात वाचलेली पुस्तकं’ मिरवायचा हंगाम सुरू होतो. पुस्तकांची उतरंड, शेजारी वाफाळता चहा, फोटो. नेमाड्यांची ‘हिंदू’ आली २०१० साली. काही घरांत ती दरवर्षी ‘यंदाची आवडती’ असते, बांधणी मात्र अजून करकरीत! खुणेची पट्टी विसाव्या पानावर मुक्कामाला. माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ या फोटोत सहसा नसते. बिचारी एका दुपारी वाचून होते, शिवाय उतरंडीत जाडी भरत नाही. दिवाळी अंकांचं तर विचारूच नका. १९०९च्या ‘मनोरंजन’पासूनची परंपरा भाषणात सांगायची आणि अंक कोरेच्या कोरे रद्दीवाल्याला घालायचे. याद्या खुशाल करा. फक्त फोटोआधी किमतीचं लेबल तेवढं खरवडा.