ऑडिटकाकू

‘पान 47 : संशय. पान 63 : खात्री. पान 64 : लेखकाला अजून कळलेलं नाही.’

आमच्या वाचनालयातल्या एखाद्या रहस्यकथेच्या समासात पेन्सिलीने, बारीक पण ठाम अक्षरात असं काही दिसलं, की पुस्तक ऑडिटकाकूंच्या हातून गेलंय हे ओळखावं. त्यांचं खरं नाव सभासदांच्या रजिस्टरात आहे, पण ते उच्चारलं तर डोंबिवलीत कोणाला बोध होत नाही. चर्चगेटजवळच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयात त्यांची अख्खी नोकरी झाली. दुसऱ्यांनी केलेल्या खर्चावर आक्षेप काढायचे, हे काम. निवृत्त झाल्या, खर्च संपले, आक्षेप उरले. ते त्यांनी रहस्यकथांकडे वळवले.

संध्याकाळी सहाच्या सुमारास त्या येतात. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत दोन पुस्तकं, एक मासिक आणि पाव किलो कसलीतरी भाजी. मी काउंटरवर असतो. ‘‘झालं वाचून, काकू?’’ असं विचारण्याची सोय नाही. ‘‘तपासून झालं,’’ असं उत्तर येतं आणि पुस्तक माझ्यापुढे उपडं पडतं. उपडं पडलं तर आक्षेप आहेत. उताणं पडलं तर बरेच आक्षेप आहेत.

‘‘हा खुनी सकाळी मुंबईत दख्खनच्या राणीत बसतो आणि दुपारी पुण्यात खून करतो. बसेल कसा? ती गाडी सकाळी पुण्याहून सुटते, मुंबईहून संध्याकाळी. 1930 पासून धावतेय, कोणालाही विचार. म्हणजे दुपारी हा पुण्यात नव्हताच. मग खून केला कोणी?’’

‘‘काकू, लेखकाच्या लक्षात आलं नसेल...’’

‘‘लेखकाच्या नसेल. इन्स्पेक्टरच्या यायला हवं होतं!’’

या शेवटच्या वाक्यात काकूंचं सगळं वाङ्मयविषयक धोरण आलं. लेखक चुकला तर त्याला माफी आहे, शेवटी तोही माणूस, त्यालाही पोटपाणी आहे. पण लेखकाने निर्माण केलेला डिटेक्टिव्ह लेखकाच्या चुका पकडत नाही, म्हणजे तो कामचुकार. असे कितीतरी नामवंत डिटेक्टिव्ह काकूंनी मनातल्या मनात निलंबित केलेले आहेत.

एका कादंबरीतल्या मृत्युपत्रावर तर त्यांनी सबंध समास खर्च केला. मृत्युपत्राला साक्षीदार एकच होता. काकूंनी लिहिलं : ‘किमान दोन लागतात. सबब मृत्युपत्र बाद. सबब पुतण्याला इस्टेट मिळणार नाही, मुलगी हयात आहे. सबब पुतण्याला खून करण्याचं कारण नाही. सबब पान 12 नंतरचा मजकूर अनावश्यक.’ पुस्तक 196 पानांचं होतं. पुढची 184 पानं काकूंनी वाचली होती, हे मात्र खरं. कारण पान 190 वर बारीक अक्षरात ‘बरं झालं’ असं लिहिलेलं आहे. पुतण्या त्या पानावर पकडला जातो.

लोकप्रिय म्हटल्या जाणाऱ्या लेखकांबद्दल काकूंची मतं ठरलेली आहेत आणि ती समीक्षकांच्या मतांशी कुठेही जुळत नाहीत. बाबूराव अर्नाळकरांचं नाव निघालं की त्या आदराने चष्मा काढतात. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि त्याचा छोटू, या मंडळींबद्दल त्यांना विशेष प्रेम आहे असं नाही. त्यांना दिपवतो तो आकडा. ‘‘हजारावर रहस्यकथा, एका माणसाने! आमच्या ऑफिसात अख्ख्या सेक्शनने एवढ्या फायली हातावेगळ्या केल्या नाहीत.’’ त्याच हिशेबाने गुरुनाथ नाईकही त्यांना पूज्य. सुहास शिरवळकरांवर मात्र त्यांचा जीव आहे. तो उघड होऊ नये म्हणून त्या शिरवळकरांच्या पुस्तकांत मुद्दाम जास्त आक्षेप काढतात. 2013 साली ‘दुनियादारी’ पडद्यावर आला तेव्हा वाचनालयात कॉलेजच्या पोरांची रांग लागली होती. काकूंनी रांगेतल्या पहिल्याच मुलाला गाठलं. ‘‘बॅरिस्टर अमर विश्वास कोण? फिरोज इराणी? दारा बुलंद?’’ पोरगं घाबरलं. त्याला वाटलं, पुस्तक न्यायला तोंडी परीक्षा असते.

नारायण धारपांच्या भुतांना वेळापत्रक लागू नाही, एवढी सवलत काकूंनी दिलेली आहे. पण हिशेब लागू आहे. एका भयकथेत चाळीस वर्षं बंद असलेल्या वाड्यात समई तेवत असते. आमचे इतर सभासद ते वाचून रात्री दिवा लावून झोपले. काकूंचा समासातला शेरा : ‘तेल कोण घालतं?’ तो वाचल्यापासून मला ती कथा जास्तच भीतीदायक वाटते, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

वाचनालयात त्यांना तोडीस तोड एकच माणूस आहे, ते म्हणजे सर. निवृत्त मुख्याध्यापक. सर सगळ्यांदेखत एक जाडजूड, पुरस्कारप्राप्त कादंबरी हातात धरतात आणि तिच्याखाली खाकी कव्हर घातलेली बाबा कदमांची कादंबरी सरकवतात. ‘‘ही बायकोसाठी,’’ म्हणतात. बायको गेले कित्येक महिने मुलीकडे न्यू जर्सीत आहे. जाडजूड कादंबरी मात्र जशी जाते तशी येते, बसप्रवासाचं तिकीट पान 9 वरच असतं. सरांचं लाडकं मत असं, की असल्या पुस्तकांनी वाचकाची अभिरुची बिघडते. हे मत ते तावातावाने मांडतात, आणि मांडताना झुंजारच्या तीन-चार कथांचे दाखले तपशीलवार देतात.

धारपांची ‘लुचाई’ ही स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वरून घेतलेली आहे, असं सरांनी एकदा विजयी मुद्रेने जाहीर केलं. काकू शांतपणे म्हणाल्या, ‘‘असेना. तिकडचं पिशाच्च इकडे आलं आणि इकडच्या रीतीने वागायला लागलं. याला चोरी नाही म्हणत, बदली म्हणतात.’’

दोघांचं खरं युद्ध मात्र अगाथा ख्रिस्तीच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉईड’वरून आहे. पुस्तक 1926 सालचं, म्हणजे भांडण दोघांच्याही वयापेक्षा जुनं. बाईंनी वाचकाला फसवलं, असं सरांचं म्हणणं. काकू म्हणतात, फसवलं नाही, सगळी कागदपत्रं समोर ठेवली होती, तुम्ही पाहिली नाहीत. (खुनी कोण ते मी इथे लिहिणार नाही. शंभरी गाठलेलं रहस्य असलं तरी आमच्याकडे त्या पुस्तकाला अजून वेटिंग आहे, आणि रांगेतली माणसं मला ओळखतात.) वाद इतका वाढला, की ग्रंथपालबाईंनी दोघांना ‘शांतता राखा’ची पाटी दाखवली. काकूंनी पाटीवरचं ऱ्हस्व-दीर्घ तपासलं.

इथवर सगळं सरळ आहे. चमत्कार होतो तो काकूंच्या हातात खऱ्या गुन्ह्याचं पुस्तक पडतं तेव्हा. कादंबरीत त्यांना रेल्वेचं वेळापत्रक, साक्षीदारांची संख्या, समईतलं तेल, सगळं खरं हवं असतं. आणि खरं घडलेलं पुढे आलं, की ते त्यांना पटत नाही. त्यात रचना नाही म्हणतात.

नानावटी खटल्याचं पुस्तक त्यांनी उताणं टाकलं. ‘‘हे काय कथानक आहे? 27 एप्रिल 1959. बायकोमुलांना मेट्रोत सिनेमाला सोडलं, बोटीवर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं, मलबार हिलवर जाऊन तीन गोळ्या झाडल्या आणि आपणहून पोलिसांकडे गेला. रहस्य कुठाय यात? पहिल्या प्रकरणात खुनी हजर!’’

‘‘काकू, तसं घडलं त्याला लेखक काय करणार?’’

‘‘मधुसूदन कालेलकरांनी केलंच की. ‘अपराध मीच केला’ पाहिलंयस? नाटक कसं बांधलंय बघ. आणि हे पुस्तक बघ. गोळ्या खाणारा माणूस आंघोळ करून आलेला, अंगावर टॉवेल. म्हणे झटापट झाली. झटापटीत टॉवेल जागचा हलला नाही?’’

‘‘अहो, तोच सरकारी पक्षाचा मुद्दा होता. तरी ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं. पुढे हायकोर्टाने फिरवलं ते.’’

काकू जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘आठ जणांना टॉवेल दिसला नाही?’’ आणि मला वाटतं त्या क्षणी त्या नवव्या खुर्चीत जाऊन बसल्या त्या अजून उठलेल्या नाहीत.

याला अपवाद एकच, डॉ. अनंत लागू खटला. तो त्यांना पाठ आहे. नोव्हेंबर 1956. पुण्यातली एक श्रीमंत विधवा, तिचा विश्वासू डॉक्टर. डॉक्टर तिला रात्रीच्या गाडीने मुंबईला नेतो. पहाटे बोरीबंदरला उतरतात तेव्हा ती बेशुद्ध. गोकुळदास तेजपाल हॉस्पिटलात भलत्याच नावाने तिची नोंद होते, काही तासांत ती जाते, आणि प्रेतावर हक्क सांगायला कोणी येत नाही. इकडे पुण्यात नातेवाइकांना पत्रं येऊ लागतात, की मी पुनर्विवाह करून जयपूरकडच्या राठोडी गावी सुखात आहे. आणि बाईंचे पैसे, शेअर मात्र एकेक करून डॉक्टरच्या वाटेला लागतात. शवविच्छेदनात विष सापडलं नाही. तरी 1959 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली, परिस्थितीजन्य पुराव्यावर.

‘‘कळलं का तुला?’’ काकू काउंटरवर बोट आपटत सांगतात. ‘‘मारलं कशाने ते शरीरात सापडलं नाही. सापडलं ते कागदांत. सह्या, चेक, पत्रं, तारखा! याला म्हणतात ऑडिट.’’ त्यांचे डोळे पाणावायचेच बाकी असतात. पण आक्षेप नाही असं होत नाही. त्या पुस्तकातही एक आहे. ‘राठोडी’च्या भोवती पेन्सिलीने गोल आणि पुढे : ‘लेखकाने गाव जरा विश्वसनीय घ्यायचं होतं.’ हे नाव खुन्याने पत्रांत वापरलेलं आहे, लेखकाने नाही, असं मी लक्षात आणून दिलं. काकूंनी गोल खोडला नाही. ‘लेखकाने’ खोडून ‘खुन्याने’ केलं.

एका खटल्याच्या वाटेला त्या जात नाहीत. पुण्यातल्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडावरची पुस्तकं आमच्याकडे आहेत, आरोपींपैकी मुनव्वर शहाने तुरुंगात लिहिलेलं आत्मकथनही कधीकाळी फिरत असे. सरांनी एकदा ‘‘तुमचं यावर काय मत?’’ म्हणून खोदून विचारलं. काकूंचं माहेर पुण्याचं. 1976 चा तो हिवाळा त्यांनी तिथे काढलेला. दिवेलागणीला कड्या लावायच्या, बेल वाजली तर आतून नाव विचारायचं, नाव ओळखीचं असलं तरी आवाज ओळखीचा आहे का ते ऐकायचं. ‘‘मत नाही,’’ एवढंच त्या म्हणाल्या, आणि सरांनी, माझ्या माहितीत पहिल्यांदाच, विषय बदलला. चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’कडे वळवला. ती कथा 1962 च्या ‘रंभा’ दिवाळी अंकातली. अश्लील ठरवून लेखकावर खटला झाला आणि 1969 साली सर्वोच्च न्यायालयाने ती अश्लील नाही असा निर्वाळा दिला. ‘‘त्या निकालाने काकोडकरांचं फार नुकसान झालं,’’ सर म्हणाले. काकू हसल्या तेव्हा कुठे आम्ही सगळे हललो.

पुस्तकात पेन्सिलीने लिहिणाऱ्यांना दंड करावा, असा ठराव दोन वर्षांपूर्वी कार्यकारिणीपुढे आला होता. रोख कोणावर होता ते उघड होतं. काकू सभेला हजर राहिल्या आणि दंडाची रक्कम जमाखर्चात कुठल्या शीर्षाखाली दाखवणार, एवढंच विचारलं. खजिनदारांनी ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब केला. पुढच्या सभेला खजिनदारच आले नाहीत.

मागच्या पावसाळ्यात मात्र खरा पेच आला. एका जुन्या रहस्यकथेची शेवटची आठ पानं कोणीतरी फाडून नेली होती. लेखक विस्मृतीत गेलेला, प्रकाशन बंद पडलेलं, दुसरी प्रत कुठे मिळेना. खून झालेला, पाच संशयित दिवाणखान्यात जमलेले, इन्स्पेक्टर खाकरून बोलायला सुरुवात करतो आणि पुढे पुठ्ठा. वाचलेले सभासद काउंटरवर येऊन माझ्याशी भांडू लागले, जणू खुनी मीच दडवून ठेवलाय.

काकू पुस्तक घेऊन गेल्या आणि चार दिवसांनी आणून दिलं. शेवटी फुलस्केपची चार पानं नीट दुमडून, खळीने चिकटवलेली. ‘‘उपलब्ध कागदपत्रांवरून शेवट काढलाय,’’ म्हणाल्या. इन्स्पेक्टर बोलतो, एकेक पुरावा तारीखवार मांडतो, पाचांपैकी चौघांना सोडतो आणि खुनी म्हणून स्वयंपाक्याकडे बोट दाखवतो, कारण पान 31 वरचं किराण्याचं बिल जुळत नाही. पुस्तक हातोहात जायला लागलं.

मग दिवाळीनंतर कल्याणच्या एका रद्दीवाल्याकडे धड प्रत सापडली. खुनी भलताच निघाला, मृताचा भागीदार. मी ती प्रत मुद्दाम आधी काकूंना दिली. दुसऱ्याच दिवशी त्या आल्या, पुस्तक काउंटरवर उताणं पडलं. शेवटच्या पानावर, लेखकाच्या ‘समाप्त’खाली, एकच ओळ होती : ‘निर्दोष माणसाला अटक झालेली आहे. किराण्याच्या बिलाचा खुलासा नाही.’

मी दोन्ही प्रती ठेवल्या आहेत. सभासद विचारतात, लेखकाची द्यायची की काकूंची? लेखकाची सहसा कपाटातच असते. काकूंच्या प्रतीला सध्या सरांचा नंबर लागलेला आहे. बायकोसाठी.