शार्दूलविक्रीडितात बसेल ते स्थळ

लग्न ठरलं की लोक आधी कार्यालय बघतात. आमचे नानाकाका वधूवरांच्या नावांचे लघू-गुरू बघतात. मंगलाष्टकं घरचीच हवीत आणि ती शार्दूलविक्रीडितातच हवीत, हा आमच्याकडचा कुळाचार. यंदा कुणीतरी धीर करून म्हणालं, "नाना, या वेळी सरळ मुक्तछंदात लिहा की!" नानांनी चष्म्यावरून पाहिलं. "मुक्तछंदात संसार करा. लग्न वृत्तात लागतं."

म स ज स त त ग. ओळीत 19 अक्षरं, बाराव्यावर यती. शाळेत ‘यमाताराजभानसलगं’ घोकून यातून मार्कांपुरती सुटका होत असे. पण त्याच 19 अक्षरांत दोन्हीकडचे सगेसोयरे कोंबायचे म्हणजे वऱ्हाडाच्या बसमध्ये रुमाल टाकून जागा धरण्यापैकी प्रकार. दिलासा एकच: चौथ्या ओळीची शेवटची 7 अक्षरं ‘मंगलम्’सकट आयती मिळतात, तिथे बाराच जुळवायची.

नवरी माझी चुलतबहीण अनुराधा. लघू, लघू, गुरू, गुरू. हा क्रम ओळीत एकाच ठिकाणी सापडतो, दहाव्या ते तेराव्या अक्षरावर, आणि यती पडते नेमकी मधोमध. म्हणजे गाणाऱ्या बायका ‘अनुरा’ म्हणून दम घेणार आणि मग ‘धा’ म्हणणार. नवरा अभिजित: ओळीने चार लघू! या वृत्तात सलग तीनच्या वर लघू येतच नाहीत. नानांनी स्थळ परत पाठवायचं तेवढं बाकी ठेवलं. शेवटी त्यांनी ‘जि’ दीर्घ केला. पत्रिकेत अभिजित, मंगलाष्टकात अभिजीत. विहीणबाई खूश. मुलगा जरा भारदस्त वाटतो म्हणाल्या. वराच्या कुसुममावशी तीन लघूंच्या. त्या फक्त नवव्या ते अकराव्या अक्षरांवर मावतात, आणि तिथे आधीच अनुराधा बसलेली. मावशींना खालच्या ओळीत सरकावलं. ‘श्री’ आणि ‘सौ’ ही मात्र हक्काची गुरू अक्षरं, ओळीत खड्डा पडला की बुजवायला.

वृत्त झालं की अलंकार. वधूचा चेहरा हा चेहरा नव्हेच, चंद्र आहे: अपन्हुती. वराच्या मामांपुढे कुबेरही फिका: व्यतिरेक. धाकटा दीर बरीच वर्षं स्पर्धा परीक्षांची तयारी करतोय, तो ‘जणू तपस्वी’: उत्प्रेक्षा. एका आत्याबाईंविषयी काय लिहावं ते कुणालाच सुचेना, तेव्हा नाना म्हणाले, "आत्या आत्यासारख्याच!" हा अनन्वय. खोटंही बोलावं लागत नाही आणि समोरच्याला स्तुतीच वाटते. स्वभावोक्तीला मात्र मांडवात मज्जाव. जे जसं आहे तसं हुबेहूब वर्णन करायचं, असा हा अलंकार. तो वापरला असता तर त्या दिवशी फक्त पंगत उठली असती, लग्न लागलं नसतं.

मुहूर्तावर बायकांनी माइक घेतला. हॉलभर माणसं मुठीत अक्षता धरून उभी. घामाने अक्षतांचं कुंकू तळहातांना लागलेलं, नजरा जेवणाच्या दाराकडे. यतीचा अर्थ आमच्या पाहुण्यांनी आपापला लावून ठेवलाय: गाणारे थांबले की टाका. ‘अनुरा’वर दम घेतला मात्र, निम्म्या हॉलने अक्षता टाकल्या. ‘धा’ पडली ती उरलेल्यांच्या पदरात. अपन्हुती आली, व्यतिरेक आला, जणू तपस्वी येऊन गेला, पण एकाही चेहऱ्यावर काही उमटलं नाही. एवढी मेहनत अक्षतांबरोबर सतरंजीवर सांडली, असं मला वाटलं.

जेवणं झाल्यावर कुसुममावशी विडा हातात घेऊन नानांसमोर उभ्या राहिल्या.

"आमच्या ह्यांना ‘सूर्यासारखे’ म्हणालात. आणि माझ्या बहिणीच्या नवऱ्याला थेट ‘सूर्य’!"

नाना खुलले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी अलंकार ऐकले होते. "अहो मावशी, ती उपमा आणि ते रूपक. उपमेत उपमेय आणि उपमान दोन वेगळे राहतात. रूपकात दोन्ही एकच होतात. फरक तो एवढाच."

"तेच म्हणतेय मी," मावशी म्हणाल्या. "त्यांना एक केलंत, आम्हाला वेगळं ठेवलंत. मार्चमध्ये नातवाची मुंज आहे. तेव्हाची मंगलाष्टकं तुम्हीच लिहा, पण ह्यांना रूपकच पाहिजे."