एका छपराखालचे परके

घरातल्या दोन संगणकांनी एकमेकांना ओळख न दाखवणे, हा सुसंस्कृतपणाचा कळस मानला पाहिजे. हॉलमधला विंडोज एक्सपी २००१ च्या घराण्यातला, आतल्या खोलीतला विंडोज १०. राउटर एकच, पण एक्सपीला येते फक्त फाइलींच्या देवाणघेवाणीची 'एसएमबी-१' ही जुनी बोली. २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने त्याच बोलीतल्या फटीतून जगभर दरोडे घातले. त्याच वर्षापासून नव्या विंडोजच्या घरी ती शिकवणे बंद झाले. शिवाय आडनावाचा प्रश्न: एक्सपी होम स्वतःला 'एमएसहोम' म्हणवतो, बाकीचे 'वर्कग्रुप'. नव्या विंडोजमध्ये आपापसांत सोयरीक जुळवणारा 'होमग्रुप' होता, त्यालाही २०१८ मध्ये निरोप मिळाला.

हाच आदर्श माणसांनीही गिरवावा. ताटावर बसलेल्या थोरल्याने वरण मागितले, तर धाकट्याने आधी वर्कग्रुप विचारावा, मग पासवर्ड, आणि शेवटी नम्रपणे सांगावे, "आपल्याला परवानगी नाही. घरच्या प्रशासकाशी संपर्क साधा." प्रशासक स्वयंपाकघरात पोळ्या लाटत असतो.

दोन रविवार खर्ची पडल्यावर हॉलमधल्या एक्सपीवरचे मुंजीचे फोटो अखेर आतल्या खोलीत पोहोचले. पेनड्राइव्हवरून. अंतर अकरा पावले.