अकोल्याचं ऊन, फुकट डाउनलोड

अकोल्याचं ऊन संगणकात मिळतं, तेही फुकट. इमारतीत किती उष्णता शिरेल, वीज किती लागेल, हे आधीच काढून देणारं 'एनर्जीप्लस' नावाचं अमेरिकी सरकारी सॉफ्टवेअर आहे. त्यासाठी 'इश्रे' या आपल्याच एसीवाल्या इंजिनिअरांच्या संस्थेनं भारतीय शहरांच्या हवामानाच्या फायली केल्या. त्यात अकोला आहे: वर्षाचे 8760 तास, तासातासाचं तापमान, वारा, ऊन. अमरावती त्या यादीत नाही. आयुक्तालय अमरावतीत, विद्यापीठ अमरावतीत, ऊन मात्र अकोल्याकडून उसनं! अमरावतीकरांनी मनाला लावून घेऊ नये.

आता ही फाइल उघडतो कोण? थ्रीडी मॉडेल तर बिल्डर लोक करतातच. बुकिंग ऑफिसातल्या टीव्हीवर ते गरगर फिरतं. हिरवळ, कारंजं, जॉगिंग करणारी गोरी बाई. मे महिना त्यात उगवतच नाही. त्याच इमारतीच्या भिंतींची जाडी, खिडक्यांची मापं, छताचा थर आणि ही फाइल सॉफ्टवेअरला दिली, तर पश्चिमेच्या बेडरूमचं दुपारी चारला काय होणार आणि एसी किती युनिट खाणार, हे पाया खणायच्या आधी कळतं. छज्जा फूटभर वाढवून बघा, गच्चीला पांढरा थर देऊन बघा, खिडकी उत्तरेला न्या. संगणकातल्या तोडफोडीला गवंडी लागत नाही. पण हे गिऱ्हाइकाला आधीच कळलं, तर पश्चिमेचा फ्लॅट खपवायचा कसा?

नियमही आहेत बरं का. 2018 च्या इको निवास संहितेनं भिंती-खिडक्यांतून घरात शिरणाऱ्या उष्णतेला चौरस मीटरमागे 15 वॅटची मर्यादा सुचवली आहे. इकडे प्लॅन पास करायच्या गप्पांत पार्किंग येतं, साइड मार्जिन येतं. वॅट? ते बल्बचं.

आम्ही दिशा बघत नाही असं मात्र म्हणू नका. वास्तूवाला येतो, फी घेतो, स्वयंपाकघर आग्नेयेला सरकवतो. मग पश्चिमेच्या दर्शनी भिंतीला वरपासून खालपर्यंत काच. मग काचेला पडदा. मग खिडकीत कूलर. मे महिन्याच्या कोरड्या हवेत कूलर निभावून नेतो, जुलैत तोच अंग चिकट करतो. मग एसी, मग लाइटबिल, मग वीज कंपनीला शिव्या.

मे 2024 मध्ये अकोल्याचा पारा 45 च्या वर गेला, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी 144 कलम लावलं होतं. ते माणसांसाठी. टिनाच्या शेडवर नि काचेच्या शोरूमवर लावायची त्यात सोय नव्हती.

पुढच्या वेळी फ्लॅट बघायला गेलात, तर थ्रीडी दाखवणाऱ्या पोराला सांगा, "20 मे, दुपारचे चार लाव बरं." थ्रीडीच्या सॉफ्टवेअरात तारीख-वेळ बदलून सावली बघायची सोय असते.

तो म्हणेल, "सर, लोकांना संध्याकाळचा व्ह्यू आवडते."