उंचीचा प्रश्न

माझी उंची पाच फूट दोन इंच. कागदोपत्री पाच-तीन आहे, पण त्यातला एक इंच केसांचा होता आणि तो आता राहिलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगात सगळ्यात उंच असतो तो सारस. पूर्ण वाढलेला नर मान ताठ करून उभा राहिला की सहा फुटांच्या आसपास जातो. अशा पक्ष्याच्या गणनेला स्वयंसेवक म्हणून माझं नाव मीच स्वखुशीनं दिलं होतं.

चितमपल्लींचं 'नवेगावबांधचे दिवस' वाचून आपण मुळात अरण्यवासी आहोत अशी ज्यांची खात्री पटली आणि तरीही जे जन्मभर दादर-ठाणे करत राहिले, त्या पिढीतला मी. चितमपल्लींनी नवेगावबांधला वनखात्यात नोकरी केली, तळी पाहिली, कोहळी लोकांकडून रान शिकले. मी ठाण्याच्या खाडीपुलावरून लोकलच्या खिडकीतून बगळे पाहिले. एका पक्षिसंवर्धन संस्थेनं सारस गणनेसाठी माणसं हवीत असं कळवल्यावर मला वाटलं, बोलावणं आलं.

"सारस मोजायला गोंदियाला?" बायको म्हणाली. "बाल्कनीत कबुतरं आहेत, ती मोज."

"कबुतरांना संवर्धनाची गरज नाही."

"बाल्कनीला आहे."

विदर्भ एक्सप्रेस मुंबईहून संध्याकाळी सुटते आणि दुसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या आत गोंदियाला पोचवते. महाराष्ट्र किती रुंद आहे हे नकाशावरून कळत नाही, स्लीपरच्या मधल्या बर्थवर कळतं. (मधला बर्थ मला नेहमी मिळतो. उंच माणसांना तो गैरसोयीचा असतो, म्हणून ते माझ्याकडे बघून प्रेमानं अदलाबदल करून घेतात.) समोरच्या काकांनी भुसावळपर्यंत माझी चौकशी केली. पक्षी मोजायचे किती मिळतात, हा त्यांचा पहिला प्रश्न. काही मिळत नाही, तिकीटही माझंच, म्हटल्यावर त्यांनी डब्यातली एक पोळी जास्तीची काढून माझ्या हातावर ठेवली.

जूनच्या मध्यावर गोंदियात जे ऊन असतं त्याचं वर्णन करत नाही. राईस मिल दिसल्या. हाजरा धबधबा पावसाळ्यात पाहावा असं सगळ्यांनी सांगितलं. त्याच जिल्ह्यातल्या नवेगावबांधला जायचं राहूनच गेलं. झालं स्थलदर्शन.

संध्याकाळी एका गावातल्या शाळेत आम्हांला शिकवणी होती. गटप्रमुख माध्यमिक शाळेत गणित शिकवणारे सर, आणि तो विषय त्यांच्या आवाजात मुरलेला. सारस रात्री उथळ पाण्यात उभे राहून झोपतात आणि उजाडल्यावर चरायला शेतांत उतरतात. म्हणून अंधार असतानाच त्यांच्या मुक्कामाच्या जागी पोचायचं. सगळ्या गटांनी एकाच सकाळी, एकाच वेळात मोजायचं, कारण सारसाला जिल्ह्याची हद्द ठाऊक नाही. इकडे गोंदिया, वैनगंगा आणि बाघ नदीच्या पलीकडे मध्य प्रदेशातलं बालाघाट. इथली जोडी सातला उडून पलीकडे गेली आणि तिथल्यांनी आठला मोजली, तर कागदावर चार सारस होतात आणि शिवारात दोनच राहतात. त्यामुळे तक्त्यात वेळ, जागा, प्रौढ, पिल्लू आणि उडाल्याची दिशा असे रकाने होते. शेवटी एक बारीकसा 'शेरा'.

"महाराष्ट्रात सारस जवळपास आपल्याच भागात उरले आहेत," सर म्हणाले. "थोडे भंडाऱ्यात, चंद्रपूरकडे एखाददुसरा. तेव्हा एकही चुकवायचा नाही आणि एकही दोनदा धरायचा नाही." मग माझ्याकडे पाहून, "मुंबईचे काका, पहाटे उठाल ना?"

सर माझ्याहून दोनच वर्षांनी लहान असावेत. माझ्या गटातली बी.एस्सी. करणारी मुलगी मला सरळ 'काकाजी' म्हणत होती, आणि त्या 'जी'मुळे वय आणखी दहानं वाढत होतं.

आता बूट. मुंबईत एका भल्या मोठ्या दुकानात मला एका पोरानं डोंगरात चालण्याचे वॉटरप्रूफ बूट विकले होते. त्यांच्या किमतीत गोंदियाला जाऊन-येऊन चार वेळा झालं असतं. गटातले बाकीचे प्लास्टिकच्या चपला घालून आले होते आणि तळ्यावर पोचताच त्यांनी त्याही काढून हातात घेतल्या. मी सगळ्यांकडे थोड्या करुणेनं पाहिलं.

तळं म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातली बोडी. उन्हाळ्यानं पाणी मध्यावर गोळा झालेलं, भोवती भेगाळलेला काठ, बेशरमाची झुडपं आणि पलीकडे धानाच्या बांध्या, अजून रिकाम्या. अंधारात सर हळूच म्हणाले, "काठाकाठानं या." मी काठाकाठानंच जात होतो हे इथे लेखी नोंदवून ठेवतो. काठ कुठे संपतो याबद्दल माझं आणि तळ्याचं एकमत नव्हतं, एवढंच.

वरची भेगाळलेली साय फुटली आणि उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. तो काढायला डावा टेकवला, तो मांडीपर्यंत गेला. मग समतोल साधायला दोन्ही पाय समान खोलीवर आले. बुटात चिखल भरला. वॉटरप्रूफ बुटाचा खरा गुण तेव्हा कळला, की आत शिरलेलं तो काही केल्या बाहेर पडू देत नाही.

"सर," मी शक्य तितक्या संयमानं म्हटलं, "मी फसलोय."

"हलू नका. आणखी खाली जाल." चार जण पाय न वाजवता माझ्याकडे निघाले. तेवढ्यात पूर्वेकडून पंखांचा जड आवाज आला, आणि दोन प्रचंड आकृत्या माझ्यापासून चाळीसेक पावलांवर उथळ पाण्यात उतरल्या.

चारही जण जागच्या जागी खाली बसले. सरांनी हाताचा पंजा दाखवला. त्याचा अर्थ गणिताच्या मास्तरांच्या भाषेत 'वर्गात कुणी बोलायचं नाही' असा असतो.

मी खूण केली: मला काढा. त्यांनी खूण केली: थांबा. मी बोटानं चिखलाकडे दाखवलं. त्यांनी बोटानं सारसांकडे दाखवलं. या वादात मी हरणार हे तेव्हाच स्पष्ट झालं. तळ्यावर तीन प्राणी होते. त्यांतले दोन दुर्मीळ.

तर मी असा उभा. जमिनीवर उरलेली उंची तीन-सव्वातीन फूट. समोर नर सारस मान उंच करून पाहत होता. तो माझ्यापेक्षा दुपटीनं नाही तरी त्याच बेताचा होता. करडं अंग, लालसर पाय, आणि डोक्यापासून गळ्याच्या वरच्या भागापर्यंत पिसं नसलेली लालभडक कातडी. त्यानं मला एकवार न्याहाळलं आणि दुर्लक्ष केलं. माणूस उभा असला की सारस सावध होतो म्हणे. मी त्याच्या लेखी माणूस भरलोच नाही.

पावणेसहा झाले असावेत. डासांना माझा ठावठिकाणा लागला. चिखल थंड होता, आणि पोटरीपाशी काहीतरी सावकाश हलत होतं. ते काय असेल याचा विचार न करण्यात बराच वेळ गेला. ताई (वीस वर्षांच्या त्या मुलीला गावात सगळे ताईच म्हणत) बेशरमाच्या आडून तक्ता भरत होती. मध्येच ती माझ्याकडे बघायची, ओठ घट्ट मिटायची आणि पुन्हा लिहायची. आपण विनोदाचा विषय आहोत हे दुरून कळण्याइतका माझा अनुभव मोठा आहे.

आणि मग ते बोलले.

नरानं मान आकाशाकडे ताणली, पंख थोडे उचलले आणि हाक दिली. तिच्यात मिसळून मादीनं उत्तर दिलं, त्याच्या एका हाकेला तिच्या दोन तुटक. सारसाची श्वासनलिका छातीच्या हाडात वेटोळं घालून बसलेली असते, म्हणून आवाजाला तो घुमारा येतो, हे सरांनी आदल्या रात्री सांगितलं होतं आणि मी वहीत उतरवून घेतलं होतं. चाळीस पावलांवरून तो कानात आधी येतो की बरगड्यांत, सांगता येत नाही. एक हाक दुसरीच्या आधी संपत नव्हती, मागेही राहत नव्हती. मी डास मारायचं विसरलो. तेवढा वेळ मला कुणी बाहेर काढलं असतं तर मी त्याला ओरडलो असतो.

पाऊणेक तासानं जोडी चरत चरत बांध्यांकडे गेली आणि उडाली. ताईनं दिशा लिहिली: ईशान्य. मग सर उठले, गुडघे झाडले आणि म्हणाले, "आता काकांचं बघू."

बघणं सोपं नव्हतं. चौघांनी ओढलं, मी कमरेतून लांब झालो. क्षणभर वाटलं, उंचीचा प्रश्न आज कायमचा सुटतोय. पाय मात्र तिथेच. शेवटी शेजारच्या बांधीचा मालक हाका ऐकून आला. लुंगी खोचलेली, खांद्यावर दुपट्टा, साठीचा माणूस. त्यानं परिस्थिती पाहिली, काही न बोलता परत गेला आणि चिखल सपाट करायची लांब लाकडी फळी घेऊन आला. ती आडवी टाकून तिच्यावर पोटानं झोपला आणि माझ्या पायाभोवती हातानं माती उपसू लागला.

"बूट सोडा जी. पाय निघते."

"महागाचे आहेत हो."

"तर मंग तुमी ऱ्हा, बूट काढतो."

मी बूट सोडले. पाय निघाले. एक बूट नंतर मिळाला, दुसरा त्या बोडीत आहे.

त्याच्या घरासमोर हातपाय धुतले, काळा चहा झाला. मागच्या पावसात त्याच्याच बांधीत सारसांनी घरटं केलं होतं. सारसाचं घरटं म्हणजे पाण्यात रचलेला गवता-धानाचा ढिगारा, त्यावर बहुधा दोन अंडी, महिनाभर आळीपाळीनं उबवणं. तेवढ्या जागेतलं धान तुडवलं जातं. पूर्वी काही शेतकरी अंडी काढून टाकत, नुकसान नको म्हणून. यानं भोवतीचा तुकडा तसाच सोडून दिला, निंदणही केलं नाही, औषधही फवारलं नाही. एक पिल्लू जगलं. हिवाळ्यात आईबापांमागे उडायला लागलं आणि शेतावरून गेलेल्या विजेच्या तारेला लागून मेलं.

ताई तक्ता पुन्हा तपासत होती. तो तिच्या मागे येऊन उभा राहिला, बराच वेळ रकाने पाहत. मग विचारलं, "मेल्याचा रकाना नाही का यात?"

ताई म्हणाली, "नाही बाबा. आज दिसले तेवढेच."

"हं," तो म्हणाला. "त्याची माय आठ दिस त्या खांबापाशीच होती."

यावर कुणीच काही बोललं नाही. मी माझा बूट उलटा करून त्यातलं पाणी काढण्यात नको तितका वेळ लावला.

परतताना दुसऱ्या बांधीच्या धुऱ्यावर एक पांढरी गाडी पार आतपर्यंत घातलेली दिसली. बाहेर दोघं, हातात दुधीभोपळ्याएवढ्या लेन्स. सारस कुठे आहेत, घरटं कुठे सापडेल, जवळून मिळेल का, असं ते विचारत होते. जूनमध्ये घरटी नसतात हेही त्यांना माहीत नव्हतं; पावसाळ्यात परत येणार म्हणाले. सर शांतपणे म्हणाले, "येऊ नका." त्यांना वाटलं, गंमत केली. मला त्या वेळी, अनवाणी, एका हातात एक बूट घेऊन, खूप संताप आला, आणि अशा अवस्थेतल्या माणसाच्या संतापाला कुणी घाबरत नाही याचाही आला. घरट्याजवळ वारंवार गेलं की जोडी अंडी सोडून उठते, आणि ती वेळ कावळ्यांना पुरते. विजेच्या तारा, शेतातली विषारी औषधं, बुजवलेली तळी ही मोठी कारणं आहेतच. 2021 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सारसांची दखल स्वतःहून घेतली ती काही उगाच नाही. पण या लेन्सवाल्यांवर तर तारेइतका खर्चही करायला नको. नुसतं गाडीतून उतरू नका म्हटलं तरी भागतं.

दुपारी शाळेत सगळ्या गटांचे तक्ते जुळवले. बालाघाटच्या बाजूचे आकडे फोनवर आले. वेळा आणि दिशा लावून पाहिल्या, तेव्हा आमची ईशान्येला गेलेली जोडी आणि नदीकाठी दुसऱ्या गटाला साडेसातला दिसलेली जोडी एकच निघाली. म्हणजे दोन कमी. सरांनी लाल पेनानं एक नोंद खोडली. आमची ठेवली, कारण आमची आधीची. माझ्या चिखलातल्या उभं राहण्याला शासकीय मान्यता मिळाल्यासारखं मला वाटलं. मग मी तक्ता हातात घेऊन शेरा वाचला. ताईच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'एक स्वयंसेवक चिखलात. पक्ष्यांना व्यत्यय नाही.'

त्याखाली, समासात, रकान्याच्या बाहेर, बारीक पेन्सिलीनं: 'मागील हिवाळ्यात 1 पिल्लू, तारेवर मृत.' सरांनी ते पाहिलं आणि लाल पेन खिशात ठेवलं.

गणनेला माणसं दर वर्षी कमीच पडतात. पगार नाही, तिकीट आपलं, गजर साडेतीनचा. तुम्हांला जमत असेल तर जूनमध्ये गोंदियाला जा. बूट नेऊ नका. प्लास्टिकच्या चपला तिथल्या बाजारात मिळतात. आणि पावसाळ्यात कॅमेरा घेऊन जायचा विचार असेल, तर जाऊच नका.